निळ्या दाढीची चौथी बायको: अँजेला कार्टरचं 'द ब्लडी चेंबर'

ब्रिटिश लेखिका अँजेला कार्टरचं १९७९ सालचं हे पुस्तक दुकानात 'स्त्रीवादी परीकथा' म्हणून विकलं जातं. तेवढ्यावरून शूर राजकन्या आणि बावळट राजपुत्र मिळतील म्हणून घेऊ नका. मुलांसाठी तर नकोच. दहा कथा, दीडशेच्या आसपास पानं. त्यातली शीर्षककथा सर्वांत लांब, आणि खरा ऐवज तिच्यातच आहे.

मूळ कथा फ्रेंच लेखक शार्ल पेरोची 'निळी दाढी' (ब्लूबिअर्ड), १६९७ मधली. श्रीमंत नवरा किल्ल्यांचा जुडगा देतो, एक खोली मात्र उघडू नकोस म्हणतो. ती उघडते, तर आत आधीच्या बायकांची प्रेतं. पेरो तात्पर्य काढतो ते बायकांच्या चौकसपणावर. कार्टरने १९७७ मध्ये पेरोच्या कथा इंग्रजीत आणल्या होत्या, त्यामुळे कुठला टाका उसवायचा हे तिला नेमकं ठाऊक. तिच्याकडे मनाई हाच सापळा आहे: बायकोने खोली उघडावी म्हणूनच किल्ली हातात ठेवलेली.

सतरा वर्षांची पियानो वाजवणारी मुलगी, तीन बायका झालेला मार्किस (फ्रेंच उमराव), भरती आली की जमिनीपासून तुटणारा किल्ला. आई विचारते, प्रेम आहे ना नक्की? मुलगी सांगते, लग्न करायचंय हे नक्की. पुढचं सगळं या एका उत्तरात आहे. नवऱ्याने दिलेला माणकांचा कंठा गळ्याला असा घट्ट बसतो की चिरलेला गळाच वाटावा. तरी तिला त्या श्रीमंतीची भूल पडते आणि कार्टर ती लपवत नाही. आपल्या शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून व्रत करून आवडती होते. इथे आवडती असण्यातच धोका.

पेरोच्या कथेत सोडवायला भाऊ येतात. इथे आई येते, घोड्यावरून, मेलेल्या नवऱ्याचं रिव्हॉल्वर घेऊन. प्रसंग झकास, पण सुटका तरी आयतीच. मुलगी स्वतः फारसं काही करत नाही. आंधळा पियानो-ट्यूनरही जरा सोयीनेच हजर होतो. रक्ताळलेली किल्ली नवऱ्याने कपाळावर दाबली त्याचा डाग मात्र शेवटपर्यंत जात नाही, आणि तो ट्यूनरला दिसणार नाही याचं तिला बरं वाटतं. ही जागा फार खरी आहे.

इंग्रजी जड आहे. लांब वाक्यं, फ्रेंच शब्द, लिली आणि आरशांची रेलचेल. सलग वाचलं तर अजीर्ण होतं. एका बैठकीत एकच कथा. पहिलीनंतर थेट 'पुस-इन-बूट्स' घ्या: बेर्गामो शहर, तरुण बायकोला कोंडून ठेवणारा कंजूष म्हातारा आणि जिन्यावर त्याच्या पायात येणारी मांजर. दुःखी संसाराचा इतका चावट फार्स या पुस्तकात दुसरा नाही. 'ब्यूटी अँड द बीस्ट' या परीकथेवरून रचलेल्या दोन्ही कथा मात्र जोडीनेच वाचाव्यात: एकीत पशूचा माणूस होतो, दुसरीत बाप पत्त्यांत मुलगी हरतो आणि शेवटी तिच्याच कातडीखालून वाघिणीची लव निघते. 'द स्नो चाइल्ड' जेमतेम दोन पानांची, पण तिच्यात मेलेल्या मुलीवरचा अत्याचार आहे. नको असेल तर ती गाळा, बाकीच्या कथांना बाध येत नाही. लांडग्यांच्या तीन कथा शेवटी आहेत, त्यांचा क्रम मोडू नका.