दहा बाय वीसची जागा आणि मिरग तोंडावर: गोव्यात परसात काय लावायचं, काय सोडायचं

माझ्या धाकट्या दिराने पेडण्याला नवीन घर बांधलं, मागच्या बाजूला दहा फूट बाय वीस फूट जागा मोकळी राहिली आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला, वहिनी सांग काय लावू. जावेने आधीच यादी करून ठेवलेली: टोमॅटो, कोथिंबीर, पालक, फ्लॉवर, मिरची, भेंडी, कलिंगड. यूट्यूबवर कोणीतरी गच्चीवर हे सगळं एकाच वेळी पिकवून दाखवलंय म्हणे. पिकवलं असेल बाबा, पण तो माणूस कुठल्या गावचा आणि व्हिडिओ कुठल्या महिन्यातला ते बघितलंस का विचारलं तर गप्प.

आमचं डिचोलीचं परस जवळपास तेवढंच आहे आणि गेली अकरा वर्षं मी त्यात डोकं फोडतेय, म्हणून त्याला जे फोनवर सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, आपल्याकडे भेंडी की वांगी हा प्रश्न नंतरचा, आधी कुठल्या महिन्यात लावतोय ते ठरवायचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, म्हणजे तीच दोनशे चौरस फूट जागा जूनमध्ये एक असते आणि नोव्हेंबरात दुसरीच. पावसाळ्यात पाणी घालायची कटकट शून्य, पण ऊन नाही, मुळं कुजतात, गवत तुमच्या आधी वाढतं आणि रात्री गोगलगायी फिरायला निघतात. हिवाळ्यात ऊन मस्त, रोग कमी, पण रोज पाणी घालायला कोणीतरी घरात पाहिजे आणि मार्च-एप्रिलमध्ये विहीर खाली गेली की तुमचा उत्साह पण खाली. दीर-जाऊ दोघंही नोकरीवाले, सकाळी आठला बाहेर, त्यामुळे त्यांना मी सरळ सांगितलं की पहिल्या वर्षी जोर पावसाळ्यावर द्या, हिवाळ्यात अर्धीच जागा लावा.

दुसरी गोष्ट मला समजायला चार वर्षं लागली. छोट्या जागेत एकदम ढीग देणारं पीक घ्यायचं नाही, रोज मूठभर देणारं घ्यायचं. मी एकदा हौसेने पंधरा कोबी लावले, सगळे फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात तयार झाले, पाच खाल्ले, सात वाटले, तीन फुटले. तेव्हा बाजारातही कोबी मातीमोल होता. कांद्याचं, फ्लॉवरचं तसंच.

आता पावसाळ्यातली खरी लढत, भेंडी आणि चवळीच्या शेंगा. दोन्ही मिरगाला पेरता येतात, दोन्ही पन्नास-साठ दिवसांत खायला मिळतात. पण चवळी जोराच्या पावसात नुसती पाल्यावर जाते, वेल असा हिरवागार की बघणाऱ्याला वाटावं केवढं पीक आहे आणि शेंगा शोधाव्या लागतात, आणि चार दिवस उघडीप मिळाली की कोवळ्या शेंड्यावर काळा मावा. भेंडीला उलट आमचा पाऊस मानवतो. भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा रोग, तो पांढरी माशी पसरवते आणि सततच्या पावसात ती माशी कमी असते, म्हणून उन्हाळी भेंडी पिवळी पडलेली बघून ज्यांनी कायमची सोडली त्यांनी जूनमध्ये एकदा करून बघा.

भेंडीत पण दोन पर्याय आहेत. एक दुकानातली पाकिटातली हायब्रीड, पाच धारांची, बुटकी, दीड फूट बाय एक फुटावर लावली तर चार बाय दहाच्या वाफ्यात पंचवीस-सव्वीस झाडं बसतात. दुसरी आपली सात शिरांची, जिला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय, ती माणसाच्या डोक्यावर जाते, अडीच बाय दोन फूट जागा मागते, म्हणजे त्याच वाफ्यात आठ झाडं. आकड्यात हायब्रीड जिंकते. पण हायब्रीड एक दिवस तोडायची राहिली की दोर, आणि सात शिरांची वीतभर लांब झाली तरी कोवळी असते, टोक अंगठ्याने वाकवून बघायचं, कट्ट करून तुटलं की चालतंय. शनिवार-रविवारीच परसात पाय ठेवणाऱ्या माणसाला ही दोन दिवसांची सूट फार मोठी आहे. शिवाय बी धरता येतं, शेवटच्या दोन शेंगा झाडावर वाळवायच्या, पुढच्या वर्षीचं पाकीट वाचलं. हायब्रीडचं बी धरून पेरलं तर काय उगवेल ते देवाक ठाऊक. चौघांच्या घराला आठ झाडं पुरतात का, तर आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात आठवड्याला दोन भाज्या निघायच्या, रोज नाही. रोज पाहिजे असेल तर हायब्रीड.

वेलींमध्ये निवड करायची असेल तर दोडका, तवसं (म्हणजे आपली पावसाळी काकडी), कारलं यांच्यात. (नावाचा घोळ आधीच सांगते, कोकणीत घोसाळें म्हणतात तो धारवाला दोडका आणि पुण्याकडच्या पाकिटावर घोसाळं लिहिलंय ते गुळगुळीत निघतं, माझा एक सीझन यात गेलाय.) तिन्हींना मांडव लागतो आणि मांडव वायव्येच्या बाजूला नको, दुपारचं जे थोडं ऊन मिळतं ते तो खातो. तवसं सगळ्यात लवकर, दीड महिन्यात सुरू. दोडक्याला दोन महिने धरा. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बी पडलं तर चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीला, घरचं तवसं, घरचा दोडका टांगता येतो. बाजारात त्या आठवड्यात माटोळीच्या सामानाचे भाव काय असतात ते वेगळं सांगायला नको, वर्षाचा सगळा खर्च त्या एका दिवसात वसूल झाल्यासारखं वाटतं.

पण वेलीत दोन भानगडी आहेत. एक, भर पावसात मधमाश्या फिरकत नाहीत, फुलं येतात आणि छोटं फळ पिवळं होऊन गळतं. लोक खत घालत बसतात, कमी असतो तो परागाचा. नर फूल तोडून, पाकळ्या मागे करून, मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं, मादी कुठली तर जिच्या मागे बोटाएवढं बाळफळ असतं ती. आता गंमत बघा, तवशाचं आणि कारल्याचं फूल सकाळी उमलतं आणि दोडक्याचं संध्याकाळी. सकाळी आठला बस पकडणाऱ्याने तवशाच्या नादी लागूच नये, दोडका लावावा, ऑफिसातून येऊन चहा घेऊन मग छत्री धरून दोन मिनिटांचं काम. दुसरी भानगड फळमाशी. बोटाएवढ्या फळाला टोचून आत अंडी घालते, फळ वाकडं होतं, आतून अळ्या. तवशाला सगळ्यात जास्त त्रास, कारल्यालाही होतो, दोडक्याला माझ्या अनुभवात थोडा कमी. औषध मारून पावसात काही उपयोग नाही, धुऊन जातं. फळमाशीचा गंधाचा सापळा मिळतो, वेलवर्गीय भाजीचा वेगळा आणि आंब्याचा वेगळा, दुकानदाराला स्पष्ट सांगून घ्या, एक टांगला की दोनशे चौरस फुटाला पुरतो. आणि किडकी फळं तिथेच टाकू नका, पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. कारलं घरात दोघांनाच आवडतं, एक वेल रग्गड.

पावसात पालेभाजी पेरू नका. पालक, मेथी, कोथिंबीर सगळं झोडपून जातं, माती उडून पानाला लागते, कुजतं. आणि गरजच काय, पहिल्या दोन सरी पडल्या की तायकिळो (टाकळा) फुकट उगवतो, कोवळा असताना खुडायचा, फणसाच्या बिकणांबरोबर भाजी, त्याच्यापुढे विकतचा पालक काय. फार वाटलं तर कुंपणावर एक मायाळूचा वेल सोडा, त्याला पावसाचं काही पडलेलं नसतं.

सावलीचा कोपरा प्रत्येक घराला असतो, दिराच्या जागेत पण शेजारच्या दोन माडांची सावली अर्ध्या दिवसाची. तिथे भेंडी-वांगी लावून रडण्यापेक्षा हळद, सुरण, अळू यांतलं काहीतरी. सुरण एकदा पुरला की डिसेंबर-जानेवारीपर्यंत विसरा, पण एका झाडाला तीन फूट मोकळं पाहिजे आणि वर्षाला एकदाच मिळणार. अळू सतत देतं, पण पसरतं आणि एकदा बसलं की हटत नाही, न्हाणीचं पाणी जातं तिथेच ठेवा. माझं मत हळदीला. कंद आठ-नऊ महिन्यांनी मिळतात ते जाऊ दे, पानं नागपंचमीपासून मिळतात, हळदीच्या पानात वाफवायच्या पातोळ्यांना विकत पानं आणायची नाहीत, बांगडे पानात गुंडाळून भाजायचे. एक फूट रुंदीची पट्टी पुरे. आणि आमच्याकडे माकडांची टोळी आठवड्यातून एकदा येते, दोडके अर्धे चावून टाकून जाते, पण हळदीला, अळवाला आणि सुरणाला आजपर्यंत हात लावलेला नाही.

आता नोव्हेंबरचं. पालेभाजीत तांबडी भाजी (लाल माठ) विरुद्ध पालक, यात चर्चाच नको. तांबडी भाजी पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते, आपल्या तांबड्या आंबट मातीत कुरकुर करत नाही, उपटली की तोच वाफा पुन्हा पेरायचा, मार्चपर्यंत चार वेळा तरी. बी खसखशीएवढं असतं, चिमूटभर बी मूठभर वाळूत मिसळून फेकायचं आणि वाफ्याच्या कडेने राख टाकायची, नाहीतर मुंग्या रात्रीत बी उचलून नेतात. वाफा एकदम नका पेरू, दर दहा दिवसांनी तीन फूट, मग जुडी जुडी मिळत राहते. पालकाला गोड माती लागते, आपल्याकडे चुना घालूनही तो मला कधी मनासारखा आला नाही.

वांगी की मिरची, इथे मात्र मी खूप वर्षं चुकीच्या बाजूला होते. आगशीच्या वांग्याला जीआय आहे, भाजून भरीत केलं की दुसरं काही नको, आणि एक झाड महिनोन्महिने देतं, म्हणून मी वांगी लावत गेले. तिसऱ्या वर्षी जानेवारीत, फळं धरलेली, पानं हिरवीगार, आणि एका दुपारी एका झाडाने मान टाकली. वाटलं पाणी कमी पडलं, पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी शेजारची दोन. शेवटी एका कृषी अधिकाऱ्याने सांगितलेलं करून बघितलं, बुंध्याजवळची काडी तिरकी कापून काचेच्या ग्लासात पाण्यात धरली आणि पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरायला लागली. बॅक्टेरियाचा मर रोग. त्याला औषध नाही, तो मातीत वर्षानुवर्षं राहतो आणि आपली आंबट, ओलसर, उबदार जमीन त्याला माहेरासारखी. टोमॅटोलाही तोच लागतो, जावेच्या यादीतला टोमॅटो मी तिथेच खोडला. वांगी लावायचीच असतील तर जुन्या गोव्याला एळा इथे केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे, तिच्यात मर सहन करणाऱ्या जातींवर काम झालंय, तिथे विचारा, आणि वांगी-टोमॅटो-मिरची हे एकाच घरातले, एकाच वाफ्यात लागोपाठ नको.

मिरचीला माझ्याकडे मर कमी लागला, पण पानं मुरडतात, तेव्हा ते शेंडे काढून टाकायचे. सहा झाडं हिरव्या मिरचीला भरपूर. मात्र हरमलची किंवा खोल्याची लावून वर्षाची मिरची वाळवू असं कोणाच्या डोक्यात असेल तर दोनशे फुटांत ते होणार नाही, ती पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या वर्षभराच्या बेगमीला, विकत घ्यायची. म्हणजे माझा निकाल असा: माती नवीन आहे, पूर्वी वांगी-टोमॅटो झालेलं नाही, तर चार वांगी लावून बघा, एकजरी झाड असं मान टाकताना दिसलं तर उपटून जाळा आणि पुढची काही वर्षं तिथे मुळा, तांबडी भाजी, आळसांदे (चवळीचे दाणे).

झाडांपैकी शेवगा आणि पपई असे दोनच छोट्या जागेत बसतात. पपईला बुंध्याशी पाणी साचलं की संपलं, म्हणून उंचवट्यावर. शेवगा फांदी रोवून येतो, छाटत राहिलं तर हाताशी राहतो, गोकुळाष्टमीला पाल्याची भाजी होते, पण पावसात बुंध्यावर केसाळ सुरवंटांचा थर बसतो आणि अंगाला खाज, खिडकीजवळ अजिबात नको. पोरं लहान असतील तर पपई.

माती सगळ्यांसाठी एकच. बांधकामानंतर मागे उरते ती चिऱ्याची भुकटी, सिमेंट आणि खडी, त्यात काहीच येत नाही. दोन टोपल्या चांगली माती, शेणखत, आणि चुलीची राख. राखेला आमच्याकडे गोबर म्हणतात, एका घाटावरच्या मैत्रिणीला मी "गोबर घाल" सांगितलं आणि तिने चार टोपल्या ताजं शेण आणून ओतलं, झाडं जळाली. वाफे जमिनीपासून निदान अर्धा-पाऊण फूट उंच करा, हे जूनच्या आधीच, नंतर चिखलात फावडं चालत नाही.

दिराला शेवटी असं आखून दिलं: एका टोकाला चार फुटांचा पट्टा सात शिरांच्या भेंडीला, आठ झाडं. कुंपणाकडे दोडक्याचे तीन वेल, कारल्याचा एक. माडाच्या सावलीत हळद. बाकीची जागा ऑक्टोबरपर्यंत झाकून ठेवायची, माडाची झावळं टाकून, म्हणजे गवत दबतं आणि पहिली तांबडी भाजी दसऱ्यानंतर. फोन ठेवता ठेवता मागून जावेचा आवाज, आणि कोथिंबीर? तिला सांगितलं, खिडकीत छपराखाली कुंडी ठेव, पाऊस लागला नाही तर येईल. तिने दोन कुंड्या आणल्यात, आता बघू.