इनस्क्रिप्ट की फोनेटिक? रोज मराठीत लिहावं लागणाऱ्यांसाठी

मराठी टायपिंगसाठी काय लावू, हे मला वरचेवर विचारलं जातं. विचारणारे बहुतेक आपल्याच भागातले असतात. कोणी पुण्याच्या कंपनीचं काम लातुरात घरी बसून करतो, कोणी उदगीरला पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो, कोणी नांदेडच्या आडत दुकानांना हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो. या सगळ्यांच्या कामात गेल्या काही वर्षांत एक बदल सारखाच झालाय. पूर्वी फोनवर मिटणारी गोष्ट आता ग्रुपवर लिहावी लागते, मीटिंग संपली की मुद्दे टाकावे लागतात, आणि समोरचा ऑपरेटर तालुक्याच्या गावचा असेल तर ते मराठीतच लिहिलेलं बरं पडतं. त्यामुळं कीबोर्ड कोणता, हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. दिवसाचा मोठा भाग त्यावरच जातो.

टायपिंग इन्स्टिट्यूटमधून रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी शिकून आलेल्यांना मी काहीच बदलायला सांगत नाही. बोटांत बसलेलं मोडू नये, आणि ती मांडणी युनिकोडमध्येही, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षर तेच राहील अशा आजच्या प्रमाण पद्धतीतही चालते. फक्त जुने फॉन्ट सोडा, कारण त्यातला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. हा आढावा आहे तो ज्यांची बोटं अजून कशालाच सरावलेली नाहीत त्यांच्यासाठी. त्यांच्यापुढं दोन वाटा आहेत: फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटतं, आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण.

फोनेटिकची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप लिहायची सवय आज कोणाला नाही? त्याच सवयीवर हे चालतं. नवीन मुलगा कामाला लागला तर सकाळी बसवून द्या, दुपारी तो पत्र लिहून देतो. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक विंडोजमध्येच आलं आहे, वेगळं काही शोधून बसवायची गरज उरली नाही. फोनवर तर मीही फोनेटिकच वापरतो. एवढ्याशा स्क्रीनवर इनस्क्रिप्टची गर्दी डोळ्यांना सोसत नाही, आणि लांब निरोप असेल तर मी सरळ बोलून टाइप करतो.

मग कॉम्प्युटरवर मी ते का सोडलं? शब्द सुचवणाऱ्या त्याच्या चौकटीमुळं.

त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ या जोड्यांना इंग्रजीत एकेकच अक्षर आहे. काही साधनांत कॅपिटल अक्षर दाबून ट, ड, ण, ळ काढता येतात, तिथं त्रास कमी आहे. पण सोपी म्हणून लोकप्रिय झालेली बहुतेक साधनं अंदाजावर चालतात. तुम्ही इंग्रजी अक्षरं दाबता, ते शब्द ओळखायचा प्रयत्न करतं आणि कर्सरखाली चार-पाच पर्याय उघडतं. लातुरात डाळीचा धंदा मोठा, त्यामुळं ‘डाळ’ हा शब्द माझ्या लिहिण्यात सतत येतो. तो लिहायला गेलं की दाल, डाळ, ढाल असं काहीतरी समोर येतं आणि त्यातून निवडावं लागतं. वेळ की वेल, काळ की काल, मन की मण, तेही असंच. बहुतेकदा पहिला पर्याय बरोबर असतो, हे मी मान्य करतो. पण तो बरोबर आहे का, हे प्रत्येक वेळी बघावंच लागतं. माझं दुखणं तिथं आहे. वाक्य मनात सलग तयार असतं, आणि डोळा मात्र प्रत्येक शब्दाला खाली चौकटीकडं जाऊन परत येतो. अर्ध्या तासाच्या लिखाणानंतर मला जो शीण यायचा तो बोटांचा नव्हता, या ये-जाचा होता. मी काही घड्याळ लावून वेग मोजलेला नाही. कदाचित फोनेटिकवर माझा वेग तेवढाच असेल. पण लिहिताना विचार तुटत होता, एवढं मला नक्की सांगता येतं.

आणि अंदाज ज्या मराठीचा असतो ती आपली नसते. सपोर्टच्या कामात मी एक पथ्य पाळतो: तक्रार ज्यानं सांगितली त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची. ‘बिल निघंना गेलंय’ असं ऑपरेटर म्हणाला तर तेच लिहायचं. ‘बिल निघत नाही’ असं लिहिलं की त्यातली एक माहिती गळते. ‘निघंना गेलंय’ म्हणजे आतापर्यंत निघत होतं, आता अडलंय. चूक शोधणाऱ्याला हा फरक मोलाचा असतो. पण शब्दकोशावर चालणारं साधन ‘निघंना’ला ‘निघेना’ करतं, ‘करलालाव’चं तर काय करावं हेच त्याला उमगत नाही. दोन-चारदा दुरुस्त केलं की काही साधनं शिकतात, पण ते शिकणं त्या मशीनपुरतं राहतं. मशीन बदललं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या माणसाचं बोलणं मी लिहीत असताना मधल्या कोणीतरी ते सुधारून घ्यावं, हे मला अजिबात पटत नाही.

इनस्क्रिप्टमध्ये अंदाजाला जागाच नाही. जे बटण दाबाल तेच अक्षर येतं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये प्रमाण म्हणून पुढं आणलेली ही मांडणी आहे, आणि तिची रचना वर्णमालेवर बेतलेली आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. के दाबलं की क, शिफ्टसह ख. ग ला शिफ्ट दिलं की घ, त चा थ, प चा फ, ब चा भ. ल ला शिफ्ट दिलं की ळ. शाळेत बाराखडी घोकलेल्या माणसाला हे तर्क लगेच जाणवतात. जोडाक्षरासाठी डी वर हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह आहे, आणि एकदा ते बोटाला कळलं की ‘राष्ट्रीयीकृत’सुद्धा न अडखळता उतरतं.

आपल्या सीमेवरच्या मंडळींसाठी यात आणखी एक सोय आहे. हीच मांडणी कन्नड, तेलुगू आणि इतर भारतीय लिप्यांनाही लागू आहे. मराठीचा क ज्या बटणावर, त्याच बटणावर कन्नडचा आणि तेलुगूचा क. उदगीरहून बिदरशी किंवा देगलूरहून तेलंगणाशी व्यवहार करणाऱ्याला लिपी येत असली की दुसरा कीबोर्ड शिकावा लागत नाही.

डेटाच्या दृष्टीनंही माझं मत इकडंच झुकतं. ‘शेतकऱ्यांना’ यातला ऱ्य दोन पद्धतींनी तयार होऊ शकतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढं न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना कॉम्प्युटरला ते वेगळे वाटू शकतात. वेगवेगळ्या ऑपरेटरांनी वेगवेगळ्या साधनांनी भरलेल्या याद्या एकत्र केल्या की नावं सापडत नाहीत. इनस्क्रिप्टवर ऱ शिफ्ट आणि जे वर आहे, आपण काय टाकलं हे आपल्याला ठाऊक असतं.

आता इनस्क्रिप्टचा त्रास. पहिले काही आठवडे जड जातात, आणि ते कामाच्या दिवसांत काढावे लागतात, सुट्टीत नव्हे. रोज लिहिणं नसेल तर हात बसतही नाही. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना वेगळी अडचण येते: अर्धविरामाच्या बटणावर च आहे, अवतरणचिन्हाच्या बटणावर ट. कोडमध्ये मराठी सूचना लिहिताना भाषा सारखी पालटावी लागते. विंडोजचं बटण आणि स्पेस याची सवय होते, पण पालटायचं विसरलं की ओळ खोडावी लागते, हे खरं. ॲ चंही एक दुखणं आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, म्हणून जुन्या मांडण्यांत त्याला सरळ जागा नाही. अ वर चंद्र ठेवून काम भागवलं तर काही ठिकाणी ते फुटकं दिसतं. मी ॲ साठी एक शॉर्टकट करून ठेवलाय. ‘ॲप’ आणि ‘ॲडव्हान्स’ यांच्याशिवाय आमचं काम चालत नाही.

आठवड्याला एखादं पत्र लिहिणाऱ्याला मी फोनेटिकच सांगतो, आणि मनापासून सांगतो. त्याला इनस्क्रिप्ट शिकवण्याचा अट्टहास करणं त्याच्या वेळेवर अन्याय आहे. मात्र ज्याच्या दिवसाचे दोन-तीन तास मराठी लिहिण्यात जातात, त्यानं एकदा तरी नेटानं इनस्क्रिप्टला संधी द्यावी असं मला वाटतं. विशेषतः पतसंस्था, बाजार समिती, शाळा अशा ठिकाणी याद्या भरणाऱ्यांनी.

सुरुवात करायची असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा. तिथं नुसतं ‘मराठी’ लिहिलेला कीबोर्ड म्हणजे इनस्क्रिप्ट, ‘मराठी फोनेटिक’ वेगळा दिसतो. दोन्ही ठेवा, घाईचं पत्र फोनेटिकवर काढा. बटणांवर स्टिकर चिकटवू नका, त्यानं नजर खालीच राहते. मांडणीचा कागद छापून पडद्याशेजारी भिंतीवर लावा. पहिल्या दिवसांत कार्यालयाचा पत्ता, गावांची नावं, खातेदारांची आडनावं एवढंच लिहा. लातूर, औसा, निलंगा, अहमदपूर, चाकूर लिहून झाले की बरीचशी व्यंजनं हाताखालून गेलेली असतात.