कळव्याचा वन बीएचके, बारा हजार रुपये आणि जांभळी नाक्याचे पडदेवाले काका

पहिलंच सांगते, या दुकानाला नावच नाहीये. रंग उडालेल्या बोर्डवर 'पडदे, सोफा कव्हर, गादी' एवढंच लिहिलंय, म्हणून मॅपवर शोधत बसू नका. ठाणे स्टेशनवरून जांभळी नाक्याकडे चालत जायचं, भाजीवाल्यांच्या गर्दीतून आतल्या गल्लीत शिरलं की शिलाई मशीनचा आवाज येतो, तिथेच. बसायला एक स्टूल, त्यावर पण कापडाचा गठ्ठा. पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईलच.

आमचं घर कळव्याला, भाड्याचं, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, आणि मालकांची अट म्हणजे भिंतीत ड्रिल करायचं नाही, आधीच्या भाडेकरूंनी लावलेत तेवढेच खिळे वापरायचे 😅 सजावटीला बाजूला काढलेले बारा हजार. त्यातले चौदाशे मी आधीच घालवले होते, ऑनलाइन मागवलेल्या चिकटवायच्या वॉलपेपरवर. फोटोत विटांची भिंत मस्त दिसते हो, पण आपल्याकडे जुलैमध्ये भिंतीला ओल येते आणि ओल आलेल्या भिंतीवर तो गोंद टिकतो कुठे, एका रात्रीत वरचा कोपरा सुटला आणि सकाळी खेचून काढला तर सोबत मालकांच्या पेंटचे पापुद्रे. डिपॉझिटमधून किती जाणार ते घर सोडताना कळेल.

हे सगळं मी काकांना सांगितलं, कारण पडद्याचं कापड बघताना त्यांनीच विचारलं की घर स्वतःचं का भाड्याचं. तर म्हणाले, "ताई, भिंतीला कशाला पैसे लावता, भिंत मालकाची. कापड तुमचं, घर बदललं की घडी घालून नेता येतं." झालं, उरलेलं सगळं बजेट तिथेच फिरलं.

आता पडद्यांचं गणित, कारण याच्यातच लोक फसतात, मी पण फसले असते. हॉलची खिडकी पाच फूट रुंद, म्हणजे साठ इंच. मला वाटलं साठ इंच कापड पुरे. काका म्हणाले तेवढं घेतलंत तर बंद केल्यावर पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसेल, चुण्या पडायच्या तर निदान दुप्पट कापड पाहिजे. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 48 इंच, म्हणून तेवढ्या रुंदीचे तीन तुकडे, म्हणजे तीन पन्हे घ्यायचे आणि दोन्ही बाजूंना दीड दीड जोडायचा. बाहेरच्या एका मोठ्या दुकानात मला याच खिडकीला सरळ चार पन्हे सांगितले होते! उंचीचं पण तसंच. खिडकी चारच फुटांची आहे पण जुने ब्रॅकेट सात फुटांवर, तर तिथून पार जमिनीपर्यंत सोडा म्हणाले, खोली उंच वाटते. खरंच वाटते, माझ्या नवऱ्याने घरी आल्यावर विचारलं की सामान हलवलंस का. रिंगा आणि खालची दुमड धरून एका पन्ह्याला 2.4 मीटर, असे तीन, म्हणजे 7.2, धरले सव्वासात मीटर. 180 रुपये मीटरने 1305 आणि शिलाई रिंगांसकट पन्ह्याला 150. सतराशे पंचावन्नात हॉलचं रूप बदललं.

बेडरूमला तर रोलच्या शेवटी उरलेले कट पीस दिले, नव्वद रुपये मीटर, आणि तिथे सकाळचं ऊन थेट डोळ्यावर येतं म्हणून मागे जाड अस्तर लावायला सांगितलं. अस्तर बाहेरून दिसत नाही, मग स्वस्तातलं घ्या, हा सल्ला पण त्यांचाच. गिऱ्हाइकाला कमी खर्च करायला सांगणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला.

सगळ्यात जास्त कौतुक मात्र दिवाणाचं होतंय. मालकांचा जुना लोखंडी दिवाण आहे, दिसायला अगदी हॉस्पिटलचा. त्याला जमिनीपर्यंत येणारं साधं राखाडी कव्हर, दोन लोड, आणि आईकडच्या खणाच्या कापडाचे सोळा बाय सोळाचे चार कुशन कव्हर. खणाचा पन्हा छोटा, चार कव्हर बसतील का शंका होती, तर काकांनी खण फक्त पुढच्या बाजूला घेतला आणि मागे दिवाणाचंच कापड लावलं. त्या राखाडीवर तो जांभळा खण असा उठून दिसतो की येणारे विचारतात कुठून घेतलंस. चेन मात्र एका कव्हरला वरच्या बाजूला लावलीय, ते मी उलटं करून ठेवते.

आता कापलेला स्टार. गुरुवारी देतो म्हणाले आणि मिळाले अकरा दिवसांनी. गणपतीच्या आधी सगळं ठाणं पडदे शिवायला टाकतं हे मला कळायला हवं होतं, पण मग गुरुवार सांगायचाच कशाला? सासूबाई आल्या तेव्हा खिडकीला पेपर चिकटवलेला, त्या काही बोलल्या नाहीत पण बघितलं. दुसरं, कापड सुती असल्याने पहिल्याच धुण्यात पडदे दोन इंच वर गेले. शिवायच्या आधी भिजवून घ्या हे त्यांनी सांगायला पाहिजे होतं. नशीब खालची दुमड मोठी ठेवली होती, ती उसवून परत फुकट मारून दिली, तेवढं मानलं.

बाकी किरकोळ, हॉलच्या पांढऱ्याफटक ट्यूबऐवजी संध्याकाळी वॉर्म व्हाइट बल्ब लावतो, 3000 केल्विनचा, शंभर-सव्वाशेत येतो आणि स्वस्त कापड पण त्यात भारी दिसतं. रंगांच्या जोड्या मी तुर्भ्याच्या आयकियात फिरून बघून आले होते, फोटो तिथले, कापड इथलं.

जाताना मापं इंचात लिहून न्या आणि ब्रॅकेटपासून जमिनीपर्यंतचं माप विसरू नका. दुपारी दोन ते चार जाऊ नका, काका मशीनवरच डोकं ठेवून झोपलेले असतात. वॉलपेपर धरून अकरा हजार गेले, उरलेल्या हजारात आता जुन्या खुर्चीच्या गादीचं काम टाकलंय. शुक्रवारी देतो म्हणालेत. कुठल्या शुक्रवारी ते मी विचारलं नाही.