आईच्या डोळ्याचा पडदा, 33,800 रुपये आणि वाया गेलेले 9 दिवस

लिहायला लाज वाटतीय, पण कोल्हापुरात अजून कुणी फसू नये म्हणून लिहितोय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले. एक दिवस म्हणाली, डोळ्यात वीज चमकतीय, काळे ठिपके तरंगतायत, मग दोन दिवसांनी खालून काळा पडदा वर चढायला लागला. डॉक्टर म्हणाले डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, सुटलाय, उद्याच्या उद्या रेटिनावाल्याकडं जा. खर्चाचा आकडा ऐकून मी हबकलो, आणि तिथंच बाकावरचा एकजण म्हणाला, दादा, राजारामपुरीत बिनटाक्याचं लेसर होतंय, संध्याकाळी घरी.

पडद्याचं ऑपरेशन बिनटाक्याचं असतं हे खरंच आहे हो, तीन बारीक छिद्रांतून करतात, म्हणून तर विश्वास बसला. पण पडदा नुसता फाटला असेल तर लेसर चालतं, पडद्याखाली पाणी शिरल्यावर नुसत्या लेसरनं भागत नाही, हे मला नंतर कळलं.

त्या "डॉक्टर"नं आईच्या डोळ्यात थेंब टाकलेच नाहीत. मोबाईलची बॅटरी मारली, अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाला, होऊन जाईल. आदल्या दिवशी खऱ्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी व्हायला अर्धा तास बसवलेलं, मी शेजारीच होतो, तरी मला कळू नये? तपासणी 2,000, बुकिंग 25,000, "पडदा वाळवायचे" थेंब 6,800. पैसे पाठवताना स्क्रीनवर कसल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं, तेही मी वाचलं होतं. पण आई रात्रभर रडत होती, अशा वेळी माणूस नावं तपासत बसतो का?

दोनदा तारीख पुढं ढकलली, मग फोन बंद, शटर खाली.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले ऑनलाईन पैसे गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणतात तुम्ही स्वतः पाठवलेत, ठाण्यातच तक्रार द्या. चार हेलपाटे, प्रत्येक वेळी नवीन झेरॉक्स, एक साहेब तर म्हणाले "पावती नीट घ्यायची ना". अहो, पावती नीट देणारा फसवतो कशाला! पोच मागितली तर उद्या या. पैसे गेले की त्याच दिवशी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा, मी आठ दिवसांनी लावला.

डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, लाजू नका. बाहुली मोठी न करता पडद्याचं निदान सांगणाऱ्याकडनं उठून या. आणि वीज चमकली, पडदा दिसला तर त्याच दिवशी रेटिनावाल्याकडं, खर्चाचं नंतर बघा.

शेवटी खरं ऑपरेशन झालं, पण तोवर मधला भागही सुटलेला. डोळ्यात सिलिकॉन तेल भरलंय, ते काढायला परत ऑपरेशन. आईला त्या डोळ्यानं सध्या समोर धरलेली बोटंच तेवढी मोजता येतात.