नाशिकचं एमबीए, मैत्रीच्या बाजूने: पाचपैकी साडेतीन

प्लेसमेंटवर पुष्कळ लिहून झालंय. इथे फक्त संगतीचा हिशोब. साठजणांच्या तुकडीत बीकॉमवाले, इंजिनिअर, फार्मसी-ॲग्रीची पोरं. नाशिकची निम्मी, बाकी जळगाव, धुळे, नगर आणि थोडी परप्रांतातली. माल चांगला आहे, पण मिसळत नाही.

अडचण घड्याळाची. तास संपले की नाशिककर गाडी काढून घरी; खऱ्या गप्पा रंगतात रात्री होस्टेलवर नाहीतर कॉट बेसिसच्या रूमवर. महिनाभरात दोन कंपू ठरून जातात. लोकलवाल्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलेज रोडला चहाला थांबावं, आणि होस्टेलवाल्यांना अधूनमधून घरी जेवायला न्यावं. मेसच्या भाजीला कंटाळलेला माणूस ते विसरत नाही.

पहिल्या सेमिस्टरला ग्रुप बहुधा रोल नंबरने पडतात. बदलून मागू नका. चार इंजिनिअर एकत्र आले की एक्सेल चकाचक, प्रेझेंटेशनला मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. अकाउंट्स बीकॉमवाल्याकडून, स्टॅटिस्टिक्स इंजिनिअरकडून, हे परीक्षेच्या तीन आठवडे आधी सुरू करा. आदल्या रात्री नुसत्या नोट्स मागणाऱ्याला सगळे ओळखून असतात. ग्रुपमध्ये एक जरी मराठी न येणारा असला तरी बोलणं हिंदीत ठेवा, नाहीतर तो मोबाइलमध्ये डोकं घालतो ते कायमचंच.

फ्रेशर्स पार्टी? डीजे, सेल्फी, खेळ खल्लास. त्यापेक्षा रविवारची मिसळ उत्तम. सहा-आठ जण, साडेआठच्या आत. उशीर झाला की गंगापूर रोडकडच्या नावाजलेल्या ठिकाणी नंबर लावून उभं राहावं लागतं. तर्री वेगळी मागवा. काळ्या मसाल्याचा रस्सा नवख्याला झेपत नाही, त्याच्यासाठी दही सांगा. जैन मिसळ बऱ्याच ठिकाणी मिळते, पण ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या. बिल एकाने भरावं आणि उठायच्या आत यूपीआयने वाटून टाकावं. थकलेल्या शंभर रुपयांनी बोलणं तुटतं, हजारांनी नाही.

हे सगळं पहिल्याच वर्षात. दुसऱ्या सेमिस्टरनंतर इंटर्नशिपला कोणी सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत, कोणी पुण्या-मुंबईला. परतल्यावर स्पेशलायझेशनने वर्ग फुटतो आणि फायनान्सवाल्याला एचआरवाला कॅन्टीनमध्ये दिसला तर दिसला.

दीड गुण कापलाय तो कॉलेजांचा: बऱ्याच ठिकाणी सहानंतर बसायला एक बाकसुद्धा उघडं नसतं.