वेस्टर्ली सेंटॉर की कॉन्टेसा ३२: सॉलेंटमधल्या एका सीझननंतर

सत्तरच्या दशकातल्या या दोन इंग्लिश, फायबरच्या शिडाच्या बोटी जुन्या बाजारात आजही सहज मिळतात. एप्रिल ते ऑक्टोबर दोन्ही एकाच पाण्यात वापरल्या: सॉलेंट (इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांमधली सामुद्रधुनी), जवळच्या चिचेस्टर आणि पूल गावांच्या खाड्या, आणि सॉलेंटच्या पश्चिम तोंडावरच्या नीडल्स खडकांपासून फ्रान्समधलं शेरबूर. कोणती घ्यावी हे बोटीपेक्षा ती जिथे बांधाल तिथे ओहोटीला किती पाणी उरतं यावर जास्त ठरतं.

सेंटॉर १९६९ची, लॉरेंट जाइल्स यांच्या कार्यालयाच्या आराखड्याची. लांबी २६ फूट, वजन तीन टन, आणि खाली एकाऐवजी दोन कील (तळाखालचे वजनदार पंख), त्यामुळे ३ फूट पाणी पुरतं. अडीच हजारांच्या आसपास बोटी निघाल्या. कॉन्टेसा ३२ डेव्हिड सॅडलर यांची, लिमिंग्टनला जेरेमी रॉजर्स यांनी बांधलेली. ३२ फूट, ४.३ टन, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं वजन कीलमध्ये. पाणी लागतं साडेपाच फूट.

वाऱ्याच्या तोंडावर जाताना फरक लगेच कळतो. १५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात सेंटॉर साडेचार नॉटने धावते, पण बाजूला इतकी सरकते की नागमोडी जाताना दोन टप्प्यांमधला खरा कोन ११० अंशांच्या आसपास पडतो. म्हणजे वाऱ्याच्या दिशेने हाती लागतात ताशी जेमतेम अडीच मैल. कॉन्टेसा साडेपाच नॉटने आणि ९० अंशांत चढते, हाती जवळजवळ चार लागतात. १२ सागरी मैलांना एकीला पावणेपाच तास, दुसरीला तीनच्या थोडं वर. भरती-ओहोटीचा ओघ एका दिशेने सहा तास साथ देतो, हे धरलं तर सेंटॉरला चुकायला जागाच उरत नाही. निघायला दीड तास उशीर झाला की सॉलेंटच्या पश्चिम टोकाला हर्स्टच्या चिंचोळीत ओघ उलटा मिळतो. वारा बाजूने किंवा मागून असेल तेव्हा मात्र दोघींत एका नॉटचाही फरक जाणवत नाही.

शेरबूरचे ६० मैल कॉन्टेसा १२ तासांत आरामात कापते. लाट कापत जाते, आपटत नाही. पटकन २० अंश कलते आणि तिथे घट्ट बसते. नवख्याला भीती वाटते, पण पुढे ती कलत नाही. वारा वाढला की आधी कमी करायची ती जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड. या बोटीची ओढ पुढच्या शिडात आहे. तोंडावरचा वारा १८ नॉट झाला की जेनोआ गुंडाळायला लागा, मुख्य शीड आखडणं (रीफ) त्यानंतर. १९७९च्या फास्टनेट वादळात, ज्यात १५ खलाशी गेले, सर्वांत छोट्या वर्गातून शर्यत पूर्ण करणारी एकटी ‘असेंट’ ही कॉन्टेसा ३२च होती. मात्र बोट पाण्यालगत असल्याने कॉकपिट सतत ओला. आत जागा अरुंद. चार जणांचा आठवडा म्हणजे पिशव्या कायम कुणाच्या तरी बिछान्यावर.

सेंटॉरचं खरं सुख ओहोटीत आहे. कोकणात ओहोटीला होडी टेकू लावून उभी करतात. इथे टेकूच लागत नाही, दोन कीलवर ती सरळ बसते आणि आत चहा सांडत नाही. जागा आधीच्या ओहोटीला चालत जाऊन पाहावी: घट्ट वाळू किंवा चिखल, दगड नको, उतार नको. उधाण उतरणीला लागलं असताना भरतीच्या माथ्यावर कधीही टेकवू नका. पुढची प्रत्येक भरती कमी चढते, आणि बोट पुढच्या उधाणापर्यंत, जवळपास पंधरवडा, तिथेच अडकते. तरंगताना इंजिन लगेच सुरू करू नये. इंजिन थंड करायला पाणी घेणारं तोंड चिखल ओढतं. गाळणी साफ करून, दीड फूट पाणी चढल्यावरच किल्ली फिरवा.

पण हेच टेकणं तिला झिजवतं. बोट खाली बसताना आणि उचलली जाताना लाटा कीलला बाजूने हलवतात. तो सगळा पिळा कील जिथे फायबरला जोडली आहे तिथे येतो, आणि सुरुवातीच्या बोटींत ती जागा पुरेशी जाड नाही. बोट क्रेनच्या पट्ट्यांत टांगलेली असताना एकाने कीलचं टोक हाताने बाजूला ढकलावं, दुसऱ्याने आतून बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या तळाशी) हाताचं बोट ठेवून पाहावं. फायबर हलताना बोटाला जाणवलं, बाहेर सांध्यावर केसासारखी चीर किंवा गंजाचा ओघळ दिसला, तर आतून आडव्या पट्ट्या लॅमिनेट करून घेतल्याशिवाय ती बोट घेऊ नका. एखादा कील बोल्ट काढूनही पाहावा. नट चकचकीत असला तरी मधला दांडा निम्मा झालेला असू शकतो.

सेंटॉरच्या आतल्या छताचं अस्तर लोंबणं हे ठरलेलंच. व्हिनाइलमागचा फोम पिठासारखा होतो. मास्क लावून तो कडक ब्रशने पूर्ण खरवडा, अॅसिटोनने पुसा, मग दोन्ही बाजूंना उष्णता सोसणारा डिंक. जुना फोम राहिला तर नवं छतही उन्हाळ्यात खाली येतं.

कॉन्टेसाचं दुखणं डेकमध्ये. आतला बाल्सा लाकडाचा गाभा कठड्याच्या खांबांभोवती पाणी पितो. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोका. टणक आवाज बद्द झाला की तिथे ओल आहे. ओल थोडी असेल तर बोल्टचं ८ मिमीचं भोक वरून १६ मिमी करा, खालचा थर न फोडता. गाभा पूर्ण वाळू द्या, खालून टेप लावा, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा आणि सुकल्यावर पुन्हा ८ मिमीचं भोक पाडा. त्यानंतर पाणी बोल्टमधून आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. शिवाय ही बोट इंजिनवर मागे घेताना सुकाणू ऐकत नाही, हे मरीनात (बोटी बांधायच्या गोदीत) लक्षात ठेवा.

मुलांसोबत शनिवार-रविवार खाडीत काढायचे असतील तर सेंटॉर घ्या आणि पहिला खर्च कीलवर करा. फ्रान्सला जायला इंग्लिश चॅनेल ओलांडायचा असेल आणि खोल पाण्यातली जागा परवडत असेल, तरच कॉन्टेसा. सुकणाऱ्या खाडीत तिला ठेवलं तर भरतीच्या दोन्ही बाजूंचे जेमतेम तीन-तीन तास हाती राहतात, आणि मग शेरबूरला जाण्याची वेळ बोट नाही, चिखल ठरवतो.