पद्मिनीच्या सुट्या भागांचा मूळ रंग : चौदा महिन्यांनंतर

आमची प्रीमियर पद्मिनी मोटार १९८४ची. वडिलांनी ती जालन्यात चालवली, मग बरीच वर्षं ती शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मागच्या वर्षी तिचं बोनेटखालचं सगळं उघडून नव्याने केलं. बाहेरच्या पत्र्याच्या रंगावर सगळे भरभरून बोलतात. मला बोलायचंय ते एअर क्लीनर, ब्रॅकेट, बिजागऱ्या, बॅटरीचा ट्रे आणि नट-बोल्ट यांच्याबद्दल. चौदा महिने झाले, एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा गाडीने बघितला, म्हणून आता खात्रीने लिहितो.

पहिली चूक बहुतेक जण करतात तीच मीही करणार होतो : सगळे भाग काढायचे, घासायचे आणि एकाच चकचकीत काळ्या रंगात बुडवायचे. आमच्या पेंटरचाचांनी थांबवलं. "घासू नका मालक, आधी क्लॅम्पच्या खाली बघा." क्लॅम्प काढला तर खाली एअर क्लीनरचा जुना काळा जसाच्या तसा होता, अर्धवट चमक असलेला. बिजागऱ्या करड्या, बोल्टांच्या डोक्यांवर पिवळसर झाक. ऊन-तेल न लागलेल्या अशा जागा गाडीत खूप असतात : क्लिपांखाली, रबराच्या पट्टीमागे, वॉशरच्या बुडाशी. घासण्याआधी प्रत्येक जागेचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा. एकदा पॉलिश पेपर फिरला की तो पुरावा गेला.

तो रंग कारखान्यातलाच का, हे बघायला कापसावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन कोपऱ्यात घासा. कापूस काळा झाला तर तो बहुधा नंतर कुणीतरी मारलेला ड्युको, म्हणजे एनसी रंग, कारण एनसी रंग नुसता थिनर उडून वाळतो आणि थिनरनेच परत सुटतो. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग असा सुटत नाही. (टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, तोही सुटत नाही, पण आमच्या गाडीला तो कधी लागलाच नव्हता.)

एअर क्लीनर आणि पंख्याजवळचे भाग टू-के काळ्यात मॅटिंग (चमक कमी करणारा पदार्थ) मिसळून केले. क्लॅम्पखालचा तुकडा शेजारी धरून चमक जुळवायला चाचांना चार पत्रे खराब करावे लागले. चौदा महिन्यांनंतरही हा रंग उत्तम आहे. मॅटिंग जास्त पडलं तर पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि तेलाचे डाग धरतो, म्हणून मोजूनच घाला. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. नाकाला रुमाल बांधून हे काम करू नका, नीट मास्क घ्या. चाचांना मी पहिल्या दिवशीच मास्क आणून दिला.

नट-बोल्ट पिवळ्या झिंकसाठी, म्हणजे जस्ताच्या पिवळ्या मुलाम्यासाठी, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दिले. तिथे वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांच्या आधाराने प्लेटिंगवाले भरपूर आहेत. भाग मोजून, तारेत ओवून द्या, नाहीतर प्लेटिंगच्या फिरत्या बॅरलमध्ये कुणाचे कुठे जातात कळत नाही. बहुतेक बोल्ट आजही नवे वाटतात. फक्त एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळच्या बोल्टांचा पिवळा रंग उडाला आणि पांढरी पावडर आली. झिंकवरचा पिवळा क्रोमेटचा थर साधारण ६०-७० अंशांपुढे टिकत नाही, तेव्हा तिथे पिवळ्या झिंकचा हट्ट नको. स्प्रिंगा आणि १०.९ किंवा त्यावरच्या ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट मात्र नुसते प्लेटिंगला देऊ नका. प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पुढे भाग अचानक तुटू शकतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर भाजून देणार असाल तरच घ्या, असं प्लेटिंगवाल्याला आधी स्पष्ट सांगा.

बिजागऱ्यांना फॉस्फेट केलं, म्हणजे रसायनाने पोलादावर करडा स्फटिकांचा थर आणला. मूळच्या सगळ्यात जवळचं दिसणारं काम हेच. पण फॉस्फेटचे स्फटिक तेल धरून ठेवतात म्हणून गंज थांबतो. तेल संपलं की संरक्षण संपलं. आषाढात तेल द्यायचं राहिलं तर कडेला तांबूस गंज आलाच. आता दर दोन महिन्यांनी तेलाचं फडकं फिरवतो.

पावडर कोटिंगने (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत वितळवतात ते) निराश केलं. बॅटरीचा ट्रे आणि दोन ब्रॅकेट हौसेने करून घेतले. थर जाड, चमक प्लॅस्टिकसारखी, बोल्टच्या डोक्याखाली तो दबून बोल्ट सैल झाले. सगळ्यात मोठा त्रास अर्थिंगचा. ब्रॅकेटच्या ज्या जागी अर्थिंगची तार बसते तिथेही कोटिंग बसलं, ते वीज जाऊ देत नाही, आणि गाडी सकाळी सुरू होईना. दोन दिवस मी स्टार्टर मोटरवर संशय घेत होतो. जुन्या फोटोत ती जागा उघडी होती. तेवढं नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आता आपल्या परिसरासाठी सगळ्यात कामाची गोष्ट. एका ब्रॅकेटवर पावसाळ्यात फोड आले आणि फोडाखाली पांढरट पाणी निघालं. गंज काढल्यावर मी तो शेतातल्या बोअरच्या पाण्याने धुतला होता. क्षार रंगाखाली राहिले, त्यांनी ओल ओढली. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर येतो, हे रोज बघूनही ते रंगाला लागू पडेल असं डोक्यात आलं नाही. ट्रे आणि ब्रॅकेट परत उघडे केले. शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने, लगेच उन्हात वाळवून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, वर टू-के. हे दुसरं काम सात महिने झाले, एकही फोड नाही.

रेडिएटरला काळ्याचा एकच पातळ हात दिला, कारण जाड रंगाने उष्णता अडते. भर मे महिन्यात जालना-अंबड रस्त्यावर गाडी तापली नाही.

स्टिअरिंग बॉक्सच्या एका नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका आहे, घट्ट केल्याची खूण म्हणून कुणीतरी ब्रशने दिलेला. तो नट मी काढला नाही, धुतलाही नाही. मागच्या चाकांच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगांचं) काम दिवाळीनंतर घेतोय, तेही आधी फोटो काढूनच.